नंतर रेखाटलेली आधीची जहाजं

१५ डिसेंबर १९६६ रोजी अमेरिकन टीव्हीवर ‘स्टार ट्रेक’ मालिकेचा ‘बॅलन्स ऑफ टेरर’ हा भाग दाखवला गेला. पॉल श्नायडरने लिहिलेल्या या भागात एका जुन्या युद्धाची हकिगत ओझरती येऊन जाते. कथेच्या काळाच्या शंभरेक वर्षं आधी पृथ्वी आणि रोम्युलन साम्राज्य एकमेकांशी लढले. तेव्हाची जहाजं ओबडधोबड होती, हत्यारं अणुबाँबच्या जातीची होती, कैदी कुणी घेत नव्हतं आणि एका जहाजावरून दुसऱ्या जहाजावरचा माणूस दिसेल अशी सोयच नव्हती. तहसुद्धा रेडिओवर झाला. त्यामुळे शत्रू दिसायला कसा आहे, हे पृथ्वीवर कुणालाच ठाऊक नव्हतं. जेमतेम मिनिटभराचं हे बोलणं. पण गेली जवळजवळ साठ वर्षं चित्रकार, मॉडेल बनवणारे आणि कादंबरीकार त्या मिनिटभरातून जहाजं घडवत आले आहेत.

हे काम वाटतं त्यापेक्षा फार अवघड आहे. पुढच्या काळातलं जहाज काढताना चित्रकार मोकळा असतो. इथे मात्र तेविसाव्या शतकातलं जहाज कसं दिसतं ते आधीच ठरलेलं आहे आणि बाविसाव्या शतकातलं जहाज त्यानंतर काढायचं आहे. म्हणजे काहीतरी वजा करायचं. पण काय वजा करायचं? मला वाटतं, या प्रश्नाचं सर्वांत खणखणीत उत्तर महाराष्ट्रात कुठे मिळत असेल, तर ते नागपूरच्या दक्षिणेला, वर्धा रोडला लागून असलेल्या मिहानमध्ये.

मिहानमध्ये अंतराळयान बनत नाही. तिथे एअर इंडियासाठी बोइंगने बांधलेलं विमान दुरुस्तीचं केंद्र आहे. एअर इंडियाने बोइंगला दिलेल्या मोठ्या ऑर्डरच्या बदल्यात ते भारतात आलं आणि २०१५ मध्ये त्याचा ताबा एअर इंडियाच्या अभियांत्रिकी कंपनीकडे गेला. ७७७ आणि ७८७ यांसारखी रुंद पोटाची विमानं आत घेता येतील अशी दोन हँगर, आणि हँगरपासून थेट विमानतळाच्या धावपट्टीपर्यंत नेणारा टॅक्सीवे. मोठ्या तपासणीसाठी विमान आत आलं की खुर्च्या निघतात, स्वयंपाकाच्या पेट्या निघतात, शौचालयं निघतात, भिंतींचे पत्रे उतरतात, जमिनीच्या फळ्या उचलल्या जातात. खाली वायरींच्या जुड्या, नळ्या, तुळया. प्रवाशाने जन्मात न पाहिलेलं विमान तिथे उघडं पडतं आणि काही आठवडे तसंच उभं राहतं.

या उघड्या पोटात गंज सर्वांत आधी कुठे शोधतात? स्वयंपाकघराखाली आणि शौचालयाखाली. सांडलेलं पाणी, चहा, कॉफी, साफसफाईची रसायनं फटींतून खाली झिरपतात आणि ॲल्युमिनियमच्या तुळया आतून खात जातात. इंजिन, पंख, शेपूट यांचा मान मोठा, पण जुन्या विमानाचं वय बरेचदा त्याच्या चहाच्या टपरीखाली कळतं.

त्याच मिहानमध्ये टाटा समूहाच्या कारखान्यात बोइंग ७८७च्या जमिनीखालच्या तुळया तयार होतात. त्या कार्बन तंतूंच्या. राळेत भिजवलेल्या कार्बनच्या पट्ट्या शीतगृहात सांभाळायच्या, स्वच्छ खोलीत ठरलेल्या कोनांत एकावर एक बसवायच्या आणि मग ऑटोक्लेव्ह नावाच्या प्रचंड भट्टीत दाब आणि उष्णता देऊन पक्क्या करायच्या. ही तुळई ॲल्युमिनियमच्या तुळईसारखी गंजत नाही. ७८७च्या सांगाड्याचा वजनाने सुमारे निम्मा भाग अशाच संमिश्र पदार्थांचा आहे. जुन्या पद्धतीत धड म्हणजे शेकडो पत्रे आणि ते जोडणारे हजारो रिव्हेट. ७८७मध्ये धडाचा अख्खा नळकांड्यासारखा भाग एकसंध बनतो. म्हणून हे विमान जवळून गुळगुळीत दिसतं.

कल्पनेतल्या जहाजाचं वयही इथेच ठरतं. डिझाइनर जहाजाच्या पुढच्या तबकडीचा व्यास बदलतात, इंजिनांच्या नळ्या वर-खाली करतात, जास्तीचे दिवे लावतात. त्याने जहाज वेगळं दिसतं, जुनं वाटत नाही. जुनेपण येतं ते सांध्यांतून. किती तुकडे जोडलेत, कशाने जोडलेत, आतला माणूस तो सांधा कोणत्या अवजाराने उघडणार, आणि काय गळालं की काय गंजणार, यातून.

मूळ मालिकेतलं ‘एंटरप्राइझ’ हे जहाज काढणाऱ्या मॅट जेफरीजला हे पक्कं ठाऊक होतं. तो विमानांचा माणूस होता. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बर विमानांवर होता, पुढे विमानांची चित्रं काढायचा, आणि त्याच्याकडे स्वतःचं जुनं वाको जातीचं दोन पंखी विमान होतं. मालिकेचा निर्माता जीन रॉडनबेरीसुद्धा त्याच युद्धातला बॉम्बर वैमानिक. त्याने जेफरीजला काय नको तेवढंच सांगितलं होतं: पंख नकोत, रॉकेट नको, जेटचा झोत नको. बाकी सगळं जेफरीजने विमानाच्या अक्कलहुशारीने ठरवलं. इंजिनं भयंकर ताकदीची असणार, तर ती माणसांपासून लांब, खांबांवर हवीत. बाहेरचा पृष्ठभाग मोकळा हवा, कारण शहाणा अभियंता बिघडणारी यंत्रं पोकळीत, बाहेरच्या बाजूला कशाला लावेल? दुरुस्ती आतून व्हायला हवी. पडद्यावर ज्या अरुंद बोगद्यांत शिरून अभियंता यंत्रं दुरुस्त करतो, त्यांना ‘जेफरीज ट्यूब’ हे नाव पडलं ते त्याच्याच सन्मानार्थ. जहाजाच्या क्रमांकातली ‘एनसीसी’ ही अक्षरंही विमानांच्या नोंदणी क्रमांकांवरून आली. अमेरिकेतली विमानं पूर्वी ‘एनसी’ने सुरू होणारे क्रमांक लावत. आपल्याकडच्या विमानांवर आजही ‘व्हीटी’ असतं, ब्रिटिश अमदानीत मिळालेलं. मराठी कथेतल्या पहिल्या युद्धनौकेचा क्रमांक ‘व्हीटी’ने सुरू झाला, तर मला तो अगदी खरा वाटेल.

जेफरीजच्या सुरुवातीच्या रेखाटनांत तबकडीच्या जागी गोळा असलेलंही एक जहाज होतं. ते बाजूला पडलं. पुढे १९९३ मध्ये मायकल आणि डेनिस ओकुडा यांनी ‘स्टार ट्रेक’च्या काल्पनिक इतिहासाची कालसूची छापली, तेव्हा जुन्या काळातल्या ‘डेडॅलस’ वर्गाच्या जहाजांसाठी त्यांनी हाच गोळा उचलला आणि ग्रेग जीनने त्याचं मॉडेल बनवलं. त्याच कालसूचीत रोम्युलन युद्धाला २१५६ ते २१६० हा काळ मिळाला. मला हे या सगळ्या प्रवासातलं सर्वांत हुशार पाऊल वाटतं. गोळा दिसायला बोजड आहे, पण कमीत कमी पत्र्यात जास्तीत जास्त जागा आणि आतला हवेचा दाब सगळीकडे सारखा वाटला जाणं, हे गोळ्यालाच जमतं. ज्यांच्याकडे साधनं कमी आहेत आणि ज्यांना जहाज लवकर बांधायचं आहे, ते गोळाच निवडतील. आणि तो आकार जेफरीजने स्वतः काढून टाकून दिलेला, म्हणजे खरोखरच ‘एंटरप्राइझ’च्या आधीचा.

२००१ मध्ये युद्धाच्या उंबरठ्यावरच्या काळाची मालिका आली, ‘स्टार ट्रेक: एंटरप्राइझ’. तिच्या ‘एनएक्स-०१’ जहाजाचं काम डग ड्रेक्सलरकडे होतं. त्याचा साचा १९९६ च्या एका चित्रपटातल्या ‘अकिरा’ जातीच्या जहाजाच्या बराच जवळ होता आणि ते जहाज कथेच्या काळात दोनशे वर्षांनंतरचं! जुने प्रेक्षक चिडले, आणि त्यांचं चिडणं मला रास्त वाटतं. ड्रेक्सलरने पत्र्यांच्या रेषा उघड दाखवल्या, आतल्या खोल्या पाणबुडीसारख्या अडचणीच्या केल्या, आणि हे सगळं फार मन लावून केलं. तरी बाहेरून जहाज नवं दिसतं. कारण त्याच्या रेषा काढणारं साधनच नवं होतं. मूळ मालिकेचं अकरा फुटी मॉडेल मुख्यतः लाकडाचं, हातांनी घडवलेलं. २००१ चं जहाज संगणकात जन्मलेलं, आणि संगणकाला वक्र पृष्ठभाग फुकट मिळतो.

मिहानमध्ये याचीही साक्ष उभी आहे. हँगरमध्ये येणारं ७७७ हे संपूर्णपणे संगणकावर आरेखन झालेलं पहिलं मोठं प्रवासी विमान. १९९४ मध्ये ते पहिल्यांदा उडालं. त्यासाठी वापरलेली ‘कटिया’ ही प्रणाली फ्रान्सच्या दासो समूहातून आलेली. त्याच समूहाच्या विमान कंपनीने रिलायन्सबरोबर उभारलेल्या कारखान्याची पायाभरणी २७ ऑक्टोबर २०१७ रोजी मिहानमध्ये झाली. आधी तिथे फाल्कन २००० या छोट्या जेटचे भाग होऊ लागले. जून २०२५ मध्ये जाहीर झालं की फाल्कन २००० नागपुरात पूर्ण जोडलं जाईल. फ्रान्सबाहेर पहिल्यांदाच, आणि २०२८ पर्यंत उड्डाणाचं लक्ष्य ठेवून. विमानाचे सुटे भाग बनवणं आणि अख्खं विमान जोडणं यांत फार मोठं अंतर असतं. जोडणी करणाऱ्या गावाला प्रत्येक सांध्याची ओळख होते. ज्या पिढीला ती ओळख होईल, तिच्या कल्पनेतली जहाजंही वेगळी असतील अशी मला मनापासून आशा आहे.

आता युद्धाकडे येऊ. ‘बॅलन्स ऑफ टेरर’चा ढाचा १९५७ च्या ‘द एनिमी बिलो’ या चित्रपटावरून घेतलेला आहे: एक विनाशिका, एक पाणबुडी, आणि एकमेकांना न पाहता लढणारे दोन कप्तान. त्यामुळे त्या जुन्या युद्धाची कल्पना करताना बहुतेक चित्रकार विसाव्या शतकातल्या आरमारांकडेच वळले. मराठी चित्रकाराने तिथेच अडकून राहायचं कारण नाही. आपल्याकडे शिवकाळापासून आंग्र्यांपर्यंतचं आरमार आहे आणि त्यातली जोडी या कामासाठी अधिक कसदार आहे: गुराब आणि गलबत. गुराब दोन-तीन डोलकाठ्यांची, उथळ बुडाची, पुढे लांब नाळ असलेली, आणि त्या नाळेच्या रोखाने डागायच्या तोफा मिरवणारी. गलबत त्याहून लहान, वल्ह्यांवरही चालणारं. वारा पडला की गलबतं वल्हवत गुराबेला ओढून लढाईत नेत. मोठ्या युरोपी जहाजाच्या बाजूला समोरासमोर उभं राहायचं नाही, कारण तिथे त्याच्या तोफांची रांग. त्याच्या पाठीमागून यायचं आणि पुढच्या तोफांनी शिडं-डोलकाठ्या फोडायच्या. जहाजाचा आकार लढण्याच्या रीतीतून आला. कान्होजी आंग्र्यांनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रज आणि पोर्तुगीज यांना याच बळावर झुंजवलं.

पृथ्वीचं बाविसाव्या शतकातलं आरमार असंच असणार. बांधायला सोपी गोळ्याची जहाजं, त्यांना मोक्याच्या जागी ओढून नेणारी लहान बोटवजा यानं, किनाऱ्याजवळची, म्हणजे ग्रहांच्या छायेतली लढाई. आणि अणुबाँब? पोकळीत धक्क्याची लाट नसते, कारण लाट वाहून नेणारी हवाच नसते. स्फोटाची ऊर्जा मुख्यतः क्ष-किरणांच्या रूपात सुटते आणि अंतर दुप्पट झालं की तिची तीव्रता चौथ्या हिश्श्यावर येते. म्हणजे बचाव दोन गोष्टींत: लांब राहण्यात आणि मध्ये जाड काहीतरी ठेवण्यात. जुन्या जहाजात माणसांच्या खोल्या मध्यभागी आणि भोवती पाण्याच्या टाक्या हव्यात. शिवाय उष्णता. पोकळीत ती फक्त प्रारणाने, म्हणजे किरणांच्या रूपात बाहेर जाते, म्हणून आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाला मोठे पसरट रेडिएटर लावावे लागले आहेत. जेफरीजचं गुळगुळीत जहाज तेविसाव्या शतकातलं, त्याने हा प्रश्न सोडवला असेल. शंभर वर्षं आधीच्या जहाजाला रेडिएटर हवेतच, आणि लढाईत सर्वांत आधी तेच फुटणार. म्हणजे लढाईची वेळ मोजायची ती दारूगोळ्यावर नाही, जहाज किती वेळ तापू शकतं त्यावर.

फुटलेलं जहाज मग कुठे जाणार? या युद्धाच्या चित्रांत मला सर्वांत जास्त खटकणारी उणीव हीच आहे. जहाजं शेकड्यांनी काढली जातात, पण त्यांच्या गोद्या फार थोड्यांनी काढल्या. नागपूरला हे सुचायला हवं. १९४९ च्या जानेवारीअखेर भारतात रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास इथून रात्री विमानं निघत आणि मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरच्या सोनेगाव धावपट्टीवर एकत्र येत. टपालाच्या थैल्यांची अदलाबदल होई आणि पहाटेपर्यंत चारही विमानं आपापल्या शहरांत परतत. संध्याकाळी मुंबईत टाकलेलं पत्र सकाळी दिल्लीत! ही व्यवस्था १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत चालली. आज भारतीय हवाई दलाच्या देखभाल विभागाचं, मेंटेनन्स कमांडचं, मुख्यालयही नागपुरातच आहे. लढाऊ विमानांची नावं लोकांना पाठ असतात. ती पुन्हा उडवणारं हे मुख्यालय किती जणांना ठाऊक आहे?

चार दिशांनी अंधारात आलेली चार यानं, जेमतेम काही तासांत माल बदलून परत. दूरच्या ताऱ्यांमधल्या युद्धात निरोप प्रकाशाच्या वेगानेच जात असतील, तर असा तळ ज्याच्याकडे, त्याचं पारडं जड. तो तळ रेखाटला की जहाजं आपोआप आकार घेतात. दरवाजे किती रुंद, थैल्या कुठून निघणार, रेडिएटर कुठून उपसून दुसरा कसा बसवणार, हे सगळं गोदीने ठरतं.

आणि विदर्भाला आधीच्या युद्धाच्या विमानाची कल्पना नवी नाही. नागपूरपासून पन्नासेक किलोमीटरवर रामटेक आहे. वा. वि. मिराशींनी कालिदासाच्या मेघदूतातला रामगिरी तो हाच, असं मांडलं. त्या काव्यातला यक्ष कुबेराचा सेवक. पुष्पक विमानही मूळचं कुबेराचंच. रावणाने सावत्र भावाला, कुबेराला हरवून ते हिसकावलं, आणि ती हकिगत रामायणात सविस्तर येते ती शेवटच्या, उत्तरकांडात. रामाचं युद्ध सांगून झाल्यावर त्याआधीचं युद्ध. कालिदासाने रघुवंशाचा अख्खा तेरावा सर्ग पुष्पकाच्या परतीच्या प्रवासाला दिला आहे: खाली समुद्र, मग अरण्यं, नद्या, आश्रम. विमानातून दिसणाऱ्या पृथ्वीचं इतकं नेमकं वर्णन त्या काळात कसं सुचलं असेल, याचं मला आजही नवल वाटतं. विमान कसं चालतं याबद्दल मात्र तो काही सांगत नाही. ते मनाने चालतं, आणि काव्याला तेवढं पुरतं.

पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दक्षिणेत ‘वैमानिक शास्त्र’ हा ग्रंथ सांगून लिहवून घेतला गेला आणि १९२३ मध्ये बंगळुरूच्या एका आरेखकाकडून रुक्म, शकुन, सुंदर, त्रिपुर या विमानांची चित्रं काढून घेतली गेली. मुंबईत शिवकर बापूजी तळपदे यांच्या १८९५ च्या उड्डाणाची कथाही याच परंपरेच्या आधाराने सांगितली जाते. त्या उड्डाणाचा ठोस पुरावा नाही. १९७४ मध्ये भारतीय विज्ञान संस्थेतल्या एच. एस. मुकुंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही चित्रं वैमानिकीच्या कसोटीवर तपासली आणि ती विमानं उडू शकणार नाहीत, ग्रंथही प्राचीन नाही, असा निष्कर्ष काढला. मला त्या चित्रांचा राग येत नाही, वाईट वाटतं. नंतर काढलेली आधीची जहाजं म्हणून ती कल्पनेचा सुंदर नमुना ठरली असती. इतिहास म्हणून पुढे केल्यामुळे ती ना कथेची राहिली ना विज्ञानाची.

मराठी विज्ञानकथेने ही चूक केली नाही. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत जयंत नारळीकरांनी टोपणनावाने ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली, आणि तिथून कथेतलं विज्ञान काटेकोर असलं पाहिजे हा दंडक पक्का झाला. बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर यांनी तो आपापल्या परीने पाळला. २० मे २०२५ रोजी नारळीकर गेले. त्यांच्यानंतरच्या कथेला माझी एकच मागणी आहे. आपल्या कथांत सिद्धान्त उत्तम असतात, माणसं खरी असतात, पण यान बहुधा दरवाज्यापुरतं येतं. नायक आत बसतो, यान निघतं, यान पोचतं. त्याच्या जमिनीखाली काय आहे, ते कुठे गळतं, ते कोण दुरुस्त करतं, यावर दिवाळी अंकाची दोन पानं कुणी खर्च केलेली क्वचितच दिसतात. आपल्या कथा प्रयोगशाळेत जन्मल्या आणि शेडपर्यंत आल्याच नाहीत. आता शेड आपल्या राज्यात, वर्धा रोडवर आहे.

‘स्टार ट्रेक: एंटरप्राइझ’ ही मालिका २००५ मध्ये बंद पडली आणि ते युद्ध पडद्यावर यायचं राहून गेलं. एरिक जेंड्रेसनने लिहिलेल्या चित्रपटाची संहिताही तशीच राहिली. मायकल ए. मार्टिनच्या कादंबऱ्यांनी २००९ आणि २०११ मध्ये ते कागदावर लढवलं. पण आपण त्यांचंच युद्ध काढावं असं कुठे आहे? एक मराठी जहाज घ्या. बाविसावं शतक, पहिलंच आंतरतारकीय युद्ध. पुढे गोळा, गोळ्याच्या आत पाण्याचं कवच, त्याच्या आत चाळीस माणसं. मागे लांब दांडा, दांड्याच्या टोकाला इंजिनं. दोन्ही बाजूंना रेडिएटरचे पसरट पंख, त्यांतला एक दुसऱ्या जहाजावरून काढून बसवलेला, म्हणून रंगाने वेगळा. तोफा फक्त पुढे. ‘व्हीटी’ने सुरू होणारा क्रमांक. स्वयंपाकघराखालच्या तुळया अजून ॲल्युमिनियमच्या, कारण कार्बनच्या तुळयांची भट्टी पहिल्याच हल्ल्यात गेली. लढाईतून ते गोदीत येतं. गोदीत आठ तास मिळणार आहेत, आणि दुरुस्तीप्रमुख बाई पहिलं काम सांगतात: इंजिनाकडे नंतर पाहू, आधी स्वयंपाकघराखालच्या फळ्या उचला.